दुखणं थांबवणारी गोळी आणि न थांबणारं रक्त

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



संयोजकांनी मला विषय सुचवला होता तो 'हृदयविकार टाळा' असा. या विषयावर इतकी भाषणं झाली आहेत की समोर बसलेल्या अर्ध्या मंडळींना ती माझ्यापेक्षा चांगली पाठ असतील. शिवाय ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी जन्मभर तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस केली. त्यांच्या दवाखान्यात माणसं यायची ती बहुतेक दुखणं घेऊनच. कंबर, गुडघा, दाढ, डोकं, पाळी. तेव्हा त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून दुखण्याच्या गोळीवरच बोलावं असं मी ठरवलं. त्यातलंही एकच अंग घेणार आहे : ही गोळी रक्तस्रावाचं काय करते.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. दुखणं कमी करणं हे औषधाचं काम आणि रक्त वाहू देणं हा त्याचा दुष्परिणाम, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ही गोळी शरीरात एकच काम करते. ते गुडघ्यात झालं की आपण त्याला आराम म्हणतो आणि जठरात झालं की अल्सर. गुडघा कुठे आणि जठर कुठे हे गोळीला कळत नाही.

कोणत्या गोळ्या म्हणतोय मी? ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड. दुकानातल्या नावांनी सांगायचं तर डिस्प्रिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लॅम, व्होव्हेरान, मेफ्टाल. स्टेरॉइड नसलेली, सूज उतरवणारी अशी ही औषधं. तापाला आपण घेतो ती पॅरासिटामॉल या घरातली नव्हे. ती दुखणं कमी करते, पण सूज फारशी उतरवत नाही आणि नेहमीच्या मात्रेत रक्ताच्या वाटेलाही जात नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

या गोळ्यांनी रक्त वाहतं हे ज्यांनी सुरुवातीला नीट हेरलं, त्यांच्यातल्या एकाची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेनडेल गावी लॉरेन्स क्रेव्हन नावाचे एक डॉक्टर होते. साधे जनरल प्रॅक्टिशनर. मुलांचे टॉन्सिल काढणं हे त्यांचं रोजचं काम. त्या काळी टॉन्सिल काढल्यावर घसा दुखू नये म्हणून ॲस्परगम द्यायचे, म्हणजे ॲस्पिरिन घातलेलं च्युइंगगम. १९४० च्या दशकात क्रेव्हनांच्या ध्यानात आलं की काही पेशंटांचा घसा ओघळत राहतो, काहींना तर दवाखान्यात भरती करावं लागतं. त्यांनी चौकशी केली. ज्यांना जास्त रक्त गेलं, ते सांगितल्यापेक्षा जास्त गम चघळत होते, दुकानातून आणखी आणून चघळत होते.

इथवर कोणीही सावध डॉक्टर पोहोचला असता. क्रेव्हन पुढे गेले. ॲस्पिरिनने रक्त गोठत नसेल, तर हृदयाच्या धमनीत नको तिथे गोठणारं रक्तही ते रोखेल का? त्यांनी आपल्या मध्यमवयीन पुरुष पेशंटांना रोज ॲस्पिरिन द्यायला सुरुवात केली. आधी चारेकशे, मग वाढत वाढत ८,००० च्या आसपास. रक्तावर खरंच परिणाम होतो का हे पाहायला त्यांनी स्वतः रोज १२ गोळ्या खाल्ल्या. पाच दिवसांत घोळणा फुटला. बंद केल्या, पुन्हा घेतल्या, पुन्हा फुटला. १९५० ते १९५६ या काळात त्यांनी हे सगळं छापलं, पण छोट्या प्रादेशिक नियतकालिकांत, त्यामुळे ते कोणी वाचलं नाही. आपल्या एकाही पेशंटाला हार्ट अटॅक आला नाही, असा त्यांचा दावा होता. तुलनेला दुसरा गट नाही, मोजणी स्वतःचीच. आजचा परीक्षक असा लेख पहिल्या पानावरच परत पाठवेल, आणि ते योग्यच होईल. १९५७ मध्ये क्रेव्हन वारले, तेही हृदयविकारानेच. तरीही त्यांचं मूळ अनुमान बरोबर होतं. हे सिद्ध व्हायला आणखी तीस वर्षं लागली.

आता मुळात वाहणारं रक्त थांबतं कसं ते पाहू. दाढी करताना हनुवटीला ब्लेड लागलं. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटलं आणि त्याखालचं कोलॅजन उघडं पडलं. रक्तातून प्लेटलेट वाहत असतात, एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख. १८८२ मध्ये इटलीत तुरिन इथे जुलिओ बित्सोझेरो यांनी त्यांचं नीट वर्णन केलं. कोलॅजन दिसलं की प्लेटलेट तिथे चिकटतात. पण पहिल्या चिकटलेल्या प्लेटलेटनी भोक बुजत नाही, बाकीच्यांना बोलवावं लागतं. त्यासाठी प्लेटलेट थ्रॉम्बॉक्सेन नावाचं रसायन सोडते. अर्ध्या मिनिटात ते निम्मं नाहीसं होतं, पण तेवढ्यात दोन कामं उरकतं : शेजारच्या प्लेटलेट गोळा करतं आणि रक्तवाहिनी आक्रसवतं. काही मिनिटांत गुठळी बसते. तिच्यावर फायब्रिनचं जाळं विणलं जातं ते नंतर आणि वेगळ्या मार्गाने. वॉरफरिन, ॲसिट्रोम ही औषधं त्या दुसऱ्या मार्गावर काम करतात.

थ्रॉम्बॉक्सेन बनतं ते सायक्लोऑक्सिजनेज नावाच्या एन्झाइममुळे. हेच एन्झाइम सांध्यात सूज आणि वेदना वाढवणारे प्रोस्टाग्लँडिन बनवतं. जठरात अस्तरावर चिकट संरक्षक थर धरून ठेवणारे प्रोस्टाग्लँडिनही तेच बनवतं. १९७१ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये काम करणाऱ्या जॉन व्हेन यांनी दाखवून दिलं की ॲस्पिरिन हेच एन्झाइम बंद पाडतं. ज्या नियतकालिकात त्यांचा लेख आला, त्याच अंकात लागूनच ब्रायन स्मिथ आणि विलिस यांचा माणसाच्या प्लेटलेटवरचा लेख होता. तिथेही ॲस्पिरिन तेच करतं, असा त्याचा निष्कर्ष. वेदना आणि रक्तस्राव यांचा एकच उगम एकाच आठवड्यात छापून आला. १९८२ चं नोबेल व्हेन यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्याबरोबर मिळालं.

यात ॲस्पिरिनची तऱ्हा न्यारी आहे. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक एन्झाइमच्या खोबणीत शिरतात आणि काही तासांनी निघून जातात. कुलपात किल्ली घातली, काढली, कुलूप पुन्हा चालू. ॲस्पिरिनची किल्ली मात्र आत मोडून बसते. ॲस्पिरिनच्या रेणूला ॲसिटिल नावाचा एक छोटा गट जोडलेला असतो. तो एन्झाइमला कायमचा चिकटतो. शरीरातल्या इतर पेशी नवं एन्झाइम बनवून घेतात. प्लेटलेटला ते जमत नाही, कारण तिला केंद्रकच नाही. मग ती प्लेटलेट तिच्या उरलेल्या आयुष्यापुरती, म्हणजे फार तर आठ-दहा दिवस, मुकी होते. म्हणून रोज ७५ मिलिग्रॅम एवढीशी गोळी काही दिवसांत जवळजवळ सगळ्या प्लेटलेट गप्प करते. त्याच ७५ मिलिग्रॅमने डोकेदुखी मात्र जराही हलत नाही. तिला ३०० ते ६०० लागतात.

आता हा ॲसिटिल गट तिथे आला कसा? विलो झाडाच्या सालीपासून सुरू झालेल्या परंपरेतलं सॅलिसिलिक ॲसिड एकोणिसाव्या शतकात संधिवाताला देत. ते पोटाला फार त्रास द्यायचं. १८९७ मध्ये जर्मनीत बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी त्याला ॲसिटिल जोडून शुद्ध ॲस्पिरिन बनवलं. श्रेय त्यांचं की त्यांचे सहकारी आर्थर आयशेनग्रून यांचं, हा वाद अजून मिटलेला नाही. हेतू होता पोटाला सुसह्य औषध. नुसत्या सॅलिसिलिक ॲसिडचा प्लेटलेटवर काही विशेष परिणाम होत नाही. पोटाच्या सोयीसाठी जोडलेल्या गटाने रक्ताचा स्वभाव बदलला, आणि पोट काही वाचलं नाहीच. १९३८ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या डाउथवेट आणि लिंटॉट यांनी गॅस्ट्रोस्कोप घालून ॲस्पिरिन घेतलेल्या माणसांच्या जठरात पाहिलं, तर अस्तर लालभडक झालेलं, काही ठिकाणी रक्त पाझरणारं.

पोटाविषयी जरा थांबून बोलतो, कारण आपल्याकडे माणसं दगावतात ती इथे. एक बाई आठवतात. साठी ओलांडलेल्या, शेतात राबलेल्या, दोन्ही गुडघे गेलेले. चक्कर येते, जिना चढवत नाही म्हणून मुलाने आणलं होतं. हिमोग्लोबिन पाच. नखं आणि ओठ कागदासारखे पांढरे. पोट दुखतं का विचारलं, तर नाही म्हणाल्या. शौच काळा होतो का विचारलं, तर हो, पण ते लोहाच्या गोळ्यांमुळे असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. लोहाच्या गोळीने शौच काळा होतो हे खरंच आहे. पण तो हिरवट काळा असतो आणि पाणी ओतलं की वाहून जातो. जठरातलं रक्त आतड्यातून जाऊन आलं की तो डांबरासारखा चिकट होतो आणि त्याला एक वास येतो. एकदा आला की विसरता येत नाही असा. हे मी मुद्दाम उघड बोलतोय. सभागृहात लाज वाटली तरी चालेल, पण घरी लाजू नका.

त्यांच्या कनवटीला एक कागदी पुडी होती. त्यात पट्टीवरून कापलेल्या गोळ्या, कापताना नाव अर्धं गेलेलं. ती डायक्लोफेनॅक निघाली. मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय दोन वर्षं रोज, कधी दिवसातून दोनदा. शिवाय आठवडी बाजारात मिळणारं सांधेदुखीचं चूर्ण. अशा बिननावाच्या चूर्णांत स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅक मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. स्टेरॉइड आणि ही गोळी एकत्र आली की अल्सरचा धोका कैक पटींनी वाढतो. दुर्बिणीतून जठरात दिसला तो पावलीएवढा खड्डा, तळाशी उघडी रक्तवाहिनी.

पोट का दुखलं नाही? कारण दुखणं दाबणारी गोळी त्या रोज घेत होत्या. या गोळ्यांच्या अल्सरचं हेच वैशिष्ट्य आहे. पहिलं लक्षण बहुधा रक्तस्रावच असतो. 'मला ॲसिडिटी होत नाही, मला चालते ही गोळी' हे वाक्य मी ऐकतो तेव्हा मला त्या बाई दिसतात. त्या वाचल्या, गुडघे आजही दुखतात. त्यांना पॅरासिटामॉल, मांडीचे व्यायाम आणि चोळायचं मलम दिलं. मलमातलं औषध रक्तात फार थोडं जातं.

आणखी दोन समजुती. 'इंजेक्शन घेतलं की पोटाला त्रास नाही.' गोळीने जठराला जो स्पर्श होतो तो नुकसानीचा लहान भाग आहे. मोठा भाग रक्तातून होतो आणि इंजेक्शन रक्तातच जातं. त्यामुळे ही समजूत खोटी आहे. ॲस्पिरिनवर जे आवरण देतात ते जठरात न विरघळता आतड्यात विरघळतं, पण अल्सरचा धोका त्यानेही जात नाही, कारण तेच. जेवून घ्यावी ही गोष्ट मात्र बरी. मळमळ कमी होते, अल्सरचा धोका मात्र फारसा कमी होत नाही. खरा उपयोग होतो तो पँटोप्राझोलसारख्या ॲसिड कमी करणाऱ्या गोळीचा. ज्याला वय, जुना अल्सर किंवा इतर औषधं यांमुळे धोका आहे, त्याने ती सोबत घ्यावी. या गटातली औषधं नियमित घेणाऱ्यांना अल्सर फुटण्याचा किंवा वाहण्याचा धोका न घेणाऱ्यांच्या तीन-चार पट असतो. तरुण, धडधाकट माणसात मूळ धोकाच इतका कमी असतो की चारपट होऊनही काही बिघडत नाही. सत्तरीच्या माणसात बिघडतं.

जठराला न छेडता सांध्यातली सूज उतरवता येईल का, या प्रश्नावर १९९० च्या दशकात खूप पैसा खर्च झाला. एन्झाइमचे दोन प्रकार सापडले होते. प्लेटलेटमध्ये फक्त पहिला असतो, सुजेत दुसरा वाढतो. दुसऱ्यालाच पकडणारी औषधं आली. पोट बऱ्याच अंशी वाचलं. पण रक्तवाहिन्यांचं अस्तर त्याच दुसऱ्या प्रकाराच्या मदतीने गुठळी रोखणारं प्रोस्टासायक्लिन बनवतं. ते बंद पडलं, हार्ट अटॅक वाढले आणि ३० सप्टेंबर २००४ रोजी व्हायॉक्स हे त्यांतलं एक औषध कंपनीने जगभरातून मागे घेतलं.

क्रेव्हनांच्या अनुमानाकडे परत येऊ. १९८८ मध्ये आयसिस-२ नावाच्या चाचणीचे निकाल आले. हार्ट अटॅकची शंका असलेले १७,१८७ पेशंट. महिनाभर रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. या चाचणीतली एक गंमत आपल्याकडे सांगायलाच हवी. लेखाच्या संपादकांनी संशोधकांकडे उपगटांचे आकडे मागितले, कोणत्या वयात जास्त गुण आला, कोणत्या कमी, वगैरे. संशोधकांनी सूर्यराशींप्रमाणेही आकडे लावून दिले. मिथुन आणि तूळ राशीच्या पेशंटांना ॲस्पिरिनचा उपयोग नाही असं निघालं! आकड्यांचे तुकडे फार केले की काहीही निघतं, हे त्यांना दाखवायचं होतं. आपल्याकडे हा तक्ता कोणी गंभीरपणे घेईल अशी मला धास्ती वाटते, म्हणून सांगून ठेवतो, तूळ राशीवाल्यांनीही हार्ट अटॅक आला तर ॲस्पिरिन घ्यावी.

पण हार्ट अटॅक आलेल्याला, स्टेंट बसवलेल्याला ॲस्पिरिन देणं वेगळं आणि चाळिशी उलटली म्हणून शेजाऱ्याने सुचवल्यावर रोज इकोस्प्रिन, म्हणजे ॲस्पिरिनच, सुरू करणं वेगळं. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ निरोगी वृद्धांवर ॲस्प्री नावाची चाचणी झाली, निकाल २०१८ मध्ये आले. रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिनने त्यांना हृदयविकारात लक्षात येईल असा फायदा झाला नाही. मोठा रक्तस्राव मात्र ॲस्पिरिनवाल्यांत ३.८ टक्के लोकांना झाला, दुसऱ्या गटात २.८ टक्के. रक्तस्रावाची किंमत ठरलेली असते. फायदा मात्र ज्याला धोका आहे त्यालाच मिळतो. आपण होऊन सुरू केलेली इकोस्प्रिन डॉक्टरांना विचारून बंद करा, आणि डॉक्टरांनी सुरू केलेली आपण होऊन बंद करू नका.

हा दुसरा भाग दात काढताना हमखास विसरला जातो. दाढ काढायची म्हणून स्टेंटवाले गृहस्थ आठवडाभर ॲस्पिरिन सोडतात. हिरडीचं रक्त कापूस दाबून, टाका घालून थांबवता येतं. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर दाबायला काही नसतं. मोठ्या ऑपरेशनचं गणित निराळं आहे, ते सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञांनी मिळून करावं. ॲस्पिरिन बंद केल्यावर रोज साधारण दहा टक्के नव्या प्लेटलेट येतात, आयबुप्रोफेनचा परिणाम दिवसभरात ओसरतो, नॅप्रोक्सेनला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून तारखेसकट सांगावं लागतं, शेवटची गोळी कोणती आणि कधी.

इकोस्प्रिन घेणाऱ्याने कंबर धरली म्हणून आयबुप्रोफेन घेतली तर दुहेरी गोची होते. पोटातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. वर आयबुप्रोफेन आधी जाऊन खोबण अडवून बसली, तर ॲस्पिरिनला शिरायला जागा उरत नाही, ती तासाभरात रक्तातून निघून जाते आणि हृदयाचं संरक्षणही गेलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये यावर सूचना काढली : साधी ॲस्पिरिन घेतल्यावर किमान अर्ध्या तासाने आयबुप्रोफेन, किंवा ॲस्पिरिनच्या आठ तास आधी. आवरणाच्या ॲस्पिरिनला हे वेळापत्रक लागू करता येत नाही, आणि आपल्याकडे बहुतेकांची तीच असते. अशांनी पॅरासिटामॉलच घ्यावी. नैराश्यासाठी दिली जाणारी फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिनसारखी औषधंही प्लेटलेट थोड्या मंदावतात, तीही डॉक्टरांना सांगायला हवीत.

पावसाळा तोंडावर आहे, म्हणून डेंगीबद्दल. डेंगीत प्लेटलेट घटतात आणि रक्तवाहिन्या पाझरू लागतात. अंग असं मोडून येतं की हात आपोआप कॉम्बिफ्लॅमकडे जातो. उरल्यासुरल्या प्लेटलेट मुक्या करायच्या आणि जठराचं अस्तरही उघडं पाडायचं, याहून वाईट वेळ नसते. तापाचं निदान होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, तीही ठरलेल्या मात्रेत. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते.

शेवटी एक प्रश्न, जो अशा भाषणानंतर महिला श्रोत्यांमधून येतोच, म्हणून आधीच घेतो. या गोळ्यांनी रक्त वाहतं म्हणता, मग पाळीत फार अंगावर जातं तेव्हा डॉक्टर मेफेनॅमिक ॲसिड का देतात? प्रश्न बिनतोड आहे. गर्भाशयाच्या अस्तरात पाळीच्या वेळी प्रोस्टाग्लँडिन भरपूर बनतात, काहींमध्ये गरजेपेक्षा जास्त. ते कळा आणतात आणि तिथल्या रक्तवाहिन्या सैल करून रक्त वाढवतात. गोळीने ते घटले की कळाही कमी आणि रक्तही कमी. तिथे प्लेटलेटपेक्षा अस्तराचं पारडं जड ठरतं. एन्झाइम तेच, जागा बदलली म्हणून परिणाम उलटा झाला. ॲस्पिरिनने मात्र हे साधत नाही.

याला एक मोठा अपवाद आहे. १९२६ मध्ये फिनलंडमधल्या एरिक फॉन विलेब्रांड यांनी ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबाचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यातली मुलगी पाच वर्षांची असताना त्यांच्याकडे आली होती. नाकातून, हिरडीतून वारंवार रक्त. वयात आल्यावर पाळीच्या रक्तस्रावातच तिचा अंत झाला. तिच्या काही बहिणीही रक्तस्रावानेच गेल्या होत्या. तो आजार आज फॉन विलेब्रांड यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यात प्लेटलेटला चिकटायला मदत करणारं प्रथिन कमी असतं. पहिल्या पाळीपासून ज्या मुलीला फार अंगावर जातं, जिचा घोळणा लहानपणापासून फुटतो, दूधदात पडताना जिची उशी भिजायची, जिच्या आईचीही बाळंतपणात अशीच कथा होती, तिला ही गोळी देऊ नये. कळांसाठी पॅरासिटामॉल आणि पोट शेकणं, रक्तासाठी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. हे औषध १९६२ मध्ये जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी शोधलं, बाळंतपणात रक्तस्रावाने मरणाऱ्या बायकांसाठी. ते तयार झालेली गुठळी विरघळू देत नाही आणि प्लेटलेटला हात लावत नाही. फॉन विलेब्रांडची रक्ततपासणी मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत होते. पण आधी त्या मुलीला आणि तिच्या आईला हे चार प्रश्न कोणीतरी विचारायला हवेत.